पाठीमागचा फळा

सहावीच्या पोरांना मी पाठीवरून ओळखायची. तोंडं नंतर कळली, आधी पाठी. बिरगावच्या आमच्या सरकारी हिंदी शाळेत एका खोलीचं छत गळून गळून खाली आलं, म्हणून तिला कुलूप लागलं आणि सहावी-आठवी दोन्ही वर्ग मोठ्या हॉलमध्ये आणून बसवले. हॉलच्या दोन टोकांना दोन फळे. आठवीचं तोंड या फळ्याकडे, सहावीचं त्या फळ्याकडे, मधे पाठीला पाठ. मी आठवीचं गणित घेते, म्हणजे माझ्यासमोर आठवीची तोंडं आणि त्यांच्यामागे सहावीच्या पाठी. सहावीच्या सरांना बारा महिने कुठली ना कुठली सरकारी ड्यूटी. ते गेले की सहावीला एकच काम असायचं. पुस्तकातून उतरवा, मागे वळू नका, तोंड बंद.

आता माझा आवाज. शहरात बुढापाऱ्यात आमचं घर आहे, तिथं आईचं रोजचं एक वाक्य ठरलेलं, "तुले माइक कायले पाहिजे? तू इथून बोललीस तं बिरगावले ऐकू जाते." बाबा रेल्वेत होते, आमचं लहानपण क्वार्टरमध्ये गेलं, गाडीच्या आवाजावर आवाज चढवूनच भाजीत मीठ मागायची सवय. त्यात माझा स्वभाव तिखट. विचारल्यावर पोरं गप्प बसली की माझं डोकं तापतं. त्या दिवशी तापलंच होतं.

चौकोनाचे बाहेरचे कोन शिकवून राहिली होती. म्हटलं, समजा शहरातला बुढा तालाब चौकोनी आहे. काठाकाठानं चाला. कोपरा आला की वळा, पुन्हा सरळ चाला, पुन्हा वळा. निघालो तिथं परत आलो, पहिल्यासारखंच तोंड केलं. एकूण किती वळलो? एक पूर्ण चक्कर, तीनशे साठ अंश. आठवीनं माना हलवल्या. माना हलवण्यात आमची पोरं पक्की, त्यावरून काही समजून घ्यायचं नसतं. मी विचारलं, "आता तालाबाला पाच कोपरे असते तर?"

माना खाली गेल्या. "अरे बोला ना! दगड बसलेत का समोर?"

"उतना ही," मागून आवाज आला.

आठवीची तोंडं तर बंद होती. मी सहावीकडे पाहिलं. सगळ्या पाठी वाकून उतरवून राहिल्या होत्या, एक सोडून. लाल रिबिनींच्या दोन वेण्या, आणि मान खांद्यात ओढून घेतलेली. बोलून फसलेल्या माणसाची पाठ लगेच कळते.

"लाल रिबिन, उभी राह." ती उभी राहिली, पण वळली नाही. वळायचं नाही हा नियम होता ना! स्वतःच्या रिकाम्या फळ्याकडे पाहत उभी. मी विचारलं, उतना ही काहून? ती फळ्यालाच म्हणाली, "घूम के वापस उधर ही मुँह करना है ना, दीदी. कोने कितने भी हों."

अग बापा! मी खडू धरून तशीच उभी राहिली. आठवीत ही गोष्ट कोणाला इतक्या सरळ सांगता आली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मी सूत्र लिहून मोकळी होणार होती.

जेवणाच्या सुट्टीत तिला बोलावलं. घर मराठीच निघालं. वडील गोंदियाकडचे, इथं उरला भागात कारखान्यात कामाला, आई मुरमुऱ्याच्या मिलमध्ये. मी मराठीत बोलायची, ती समजायची सगळं, उत्तर हिंदीत. मी विचारलं, कधीपासून ऐकतेस? म्हणाली, जब से इधर बैठे हैं. मी म्हटलं, आणि आमच्या फळ्याकडे पाहिलंस का कधी?

"नहीं दीदी. सर ने बोला था मुड़ना नहीं."

म्हणजे या पोट्टीनं आठवीची भूमिती एकही आकृती न पाहता नुसती कानानं घेतली होती! मला राहवेना. आम्ही शिकवताना अर्धं बोटानं शिकवतो. "हा कोन या कोनाएवढा, ही बाजू इकडे नेली," असं म्हणत खडू फिरवतो. तिला ऐकू यायचं फक्त "हा" आणि "ही". मग तिच्या डोक्यात काय उमटत होतं? मी म्हटलं, काढून दाखव.

व्हरांड्याच्या फरशीवर कारखान्यांची काळी धूळ बसते, सकाळी झाडली तरी दुपारी हजर. तिनं माझा खडू बाजूला ठेवला आणि धुळीत बोटानं काढायला लागली. समांतर रेषा पुस्तकात आडव्या असतात, हिच्या उभ्या, मधे स्लीपरसकट, कारण मी कधीतरी रेल्वेचे रूळ म्हटलं होतं. त्यांना छेदणारी रेषा म्हणजे फाटकावरचा रोड. आणि कोपऱ्याकोपऱ्यावर इवली पावलं, बोटं कुठल्या दिशेला ते नीट दाखवलेलं. सगळं बरोबर होतं, फक्त चौकोनाचा कर्ण तिनं आतून न काढता बाहेरून फिरवून दुसऱ्या कोपऱ्यात नेला होता.

"हे काय ग?"

"तालाब के अंदर से कैसे जाएँगे, दीदी?"

मी इतकी हसली की खिचडी वाढणारी बाई येऊन पाहून गेली. तालाब माझाच होता, पाणी मीच भरलं होतं. त्या दिवसापासून मला नादच लागला. आठवीला शिकवताना माझं लक्ष त्या वेण्यांवर. एखादी गोष्ट पटली की तिची मान जरा डावीकडे कलायची, नाही पटली की पेन्सिल थांबायची. मी आठवीची तोंडं सोडून सहावीतली एक पाठ वाचून राहिली होती.

पण हे चालणार किती दिवस? दिवाळीनंतर खोली दुरुस्त होणार, सहावी तिकडे जाणार. प्रधानपाठकांकडे, म्हणजे आमच्या हेडमास्तरांकडे, त्या खोलीसाठी सगळ्यात जास्त भांडली होती मीच. आता सहावी तिकडे गेली की ही पोरगी पुन्हा बंद खोलीत बसून धडे उतरवणार. मी प्रधानपाठकांना म्हटलं, हिला आठवीत बसू द्या गणितापुरती. ते म्हणाले, मॅडम, सहावीचं नाव सहावीच्याच हजेरीवर. विषय संपला.

एकच रस्ता दिसत होता. समता कॉलनीतल्या एका मोठ्या खाजगी शाळेत दर रविवारी निवडक पोरांसाठी गणिताचा वेगळा वर्ग चालतो. शाळेत जे असतं त्याच्या दोन-तीन वर्षं पुढचं तिथं शिकवतात. एकदा निवड झाली की बारावीपर्यंत धरून ठेवतात, फी नाही. आमच्या शाळेतून तिथं आजवर कोणी गेलं नव्हतं, कारण असा वर्ग असतो हेच आमच्याकडे कोणाला माहीत नव्हतं. मलाही बाजूच्या घरातल्या मुलाकडून कळलं.

तिच्या घरी गेली. आई मिलमधून नुकतीच आलेली, केसात भुसा. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, तिले बोलाची लय सवय हाय. भाजी निवडता निवडता भिताडाशी बोलते. मी म्हंतो, येडी झाली का?" मग म्हणाली, "रविवारी मले मिलमंदी जा लागते. लहान्याले हेच पाह्यते. नंबर लागला तं पाठवतो बापा, काहीतरी करीन मी. नाही लागला तं मंग नाही." यात चूक काय होतं? काहीच नाही. मी मान हलवली आणि चहा पिऊन निघाली. म्हणजे सगळं आता त्या एका पेपरावर होतं.

तयारीला बसलो आणि पहिल्याच दिवशी गाडी अडली. पुस्तकातली आकृती समोर ठेवली की पोट्टीचं डोकं बंद. नुसती पाहत बसायची. तेच मी तोंडानं सांगितलं की फटकन उत्तर. मला कळेना, हे काय गौडबंगाल आहे? चित्र पाहून सोपं व्हायला पाहिजे की कठीण?

उत्तर घरी मिळालं. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन व्हायचं होतं. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, आई, ते तिकडचं दे ना जरा. ती भडकली. "ते म्हंजे काय? तिकडं म्हंजे कुठं? बोटानं बोलून राहिलीस, मले दिसते का तुव्हं बोट? नाव घे ना त्याचं!" मी झारा मागितला. आणि झारा हातात घेऊन उभी असताना डोक्यात उजेड पडला. आकृती बोटानं बोलते. या पोरीला नाव घेऊन बोललेलं समजतं.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, चित्र सोडवू नको, आधी स्वतःला सांग. ए पासून निघालो, सरळ बी पर्यंत गेलो, डावीकडे वळलो. तिनं आकृती एकदा पाहिली, पुस्तकाकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड करून पुटपुटली आणि वळून उत्तर दिलं. बरोबर! मग दुसरं, तिसरं. मी तिला चक्क मिठी मारली. आम्ही महिनाभर असंच केलं. आकृती पाहायची, तिच्याकडे पाठ फिरवायची, बोलायचं, लिहायचं. आमच्या शाळेत परीक्षेतही कुजबुज चालते, त्यात कोणाला काही वाटत नाही. तिकडे काय असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी स्कूटीवर घेऊन गेली. रिबिनी धुऊन इस्त्री केलेल्या. गेटवर बाकीची पोरं गाड्यांतून उतरत होती. ती म्हणाली, "इनके बैग में क्या है, दीदी? पेन्सिल तो एक ही लगती है." मी म्हटलं, तू तुझं पाह्य. ती आत गेली, मी झाडाखाली बसली.

बाहेर आली तेव्हा चालण्यावरूनच समजलं. माझ्यापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बोलने नहीं दिया."

तिनं पहिली आकृती पाहिली, खुर्चीवर उलटी फिरली, मागच्या भिंतीकडे तोंड केलं आणि पुटपुटायला लागली. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, ही मला उत्तर विचारते. तिथल्या मॅडमनी तिला उचलून सगळ्यात पुढे नेऊन बसवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. बस्स. आकड्यांची गणितं तिनं सोडवली, आकृत्यांची कोरी सोडली. मी म्हटलं, अग मग मनात बोलायचं ना! ती म्हणाली, "मन में बोलती हूँ तो चित्र ही दिखता है. मुँह से बोलती हूँ तो रास्ता दिखता है."

मला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. तिचा हात धरला आणि सरळ आत घुसली. तो वर्ग चालवणारे सर निघाले अगदी तरुण, भांडायला गेलेल्या माणसाची पंचाईत करतील असे सौम्य. मी सगळं ओकून टाकलं. ते ऐकत राहिले. म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा आहे मॅडम, बाकीच्यांना त्रास झाला असता. मग एकदम तिच्याकडे वळून म्हणाले, एक मुंगी सरळ चालते, थोडं गेली की साठ अंश वळते, पुन्हा तेवढंच चालते, पुन्हा साठ वळते. परत जागेवर येईपर्यंत किती वेळा वळेल?

तिनं सरांकडे पाठ केली. सर चपापले. मी म्हटलं, असू द्या, ती अशीच. कॉरिडॉरच्या भिंतीकडे पाहत ती पुटपुटली आणि म्हणाली, "छह."

सर हसले. आता त्यांचे डोळे चमकत होते. माझेही आधी असेच चमकले असतील. "आणि दरवेळी शंभर अंश वळली तर?"

मी मनात म्हटलं, मेले! शंभर काही तीनशे साठला भागत नाही. ती बराच वेळ बोलत राहिली. चपलेचं टोक फरशीवर जरा फिरवायची, थांबायची, पुन्हा फिरवायची. मग म्हणाली, "एक चक्कर में नहीं आएगी. आगे निकल जाएगी. पाँच चक्कर में आएगी."

सरांनी खिशातून पेन काढून स्वतःच्या तळहातावर काहीतरी केलं आणि मान हलवली. ही हलवलेली मान मात्र खरी होती.

मला वाटलं, झालं काम! पण नाही. ते म्हणाले, निवड पेपरावरच होते आणि यादी माझ्या एकट्याच्या हातात नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बसवा. तोवर, हवं तर, मागच्या बाकावर बसून ऐकू शकते. पण मधे बोलायचं नाही, निवड झालेल्यांचा वेळ आहे तो.

माझं टाळकं फिरलं. "ऐकायलाच? अहो, शाळेत ती पाठ फिरवून ऐकतच होती! दुसऱ्याच्या वर्गाचं चोरून ऐकत! इथंही तेच?" आणखीही बोलली असती. पण ओढणी ओढली गेली. ती खालून माझ्याकडे पाहत होती. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"दीदी, सुनने तो देंगे ना?"

तिच्या आईला मी खोटं बोलली नाही. नंबर लागला नाही, म्हटलं. आई म्हणाली, "मंग कायले जाची?" कडेवरच्या भावाला सावरत पोरगीच म्हणाली, पहिल्यांदा मराठीत, "आई, मले ऐकाचं हाय." आईनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लहान्याले शेजारी ठेवतो," म्हणाली आणि भांड्यांकडे वळली.

दिवाळीनंतर खोली तयार झाली. सहावी हलायच्या आदल्या दिवशी मला एक खोडी सुचली. आठवीला शिकवताना मुद्दाम म्हटलं, सहा बाजूंच्या आकृतीचे बाहेरचे कोन मिळून पाचशे चाळीस. आठवीनं माना हलवल्या आणि उतरवून घेतलं. मी मागे पाहिलं. लाल रिबिन ताठ झाली होती. आणि तिच्यापासून दूर, खिडकीजवळ, एका पोराची पेन्सिल थांबली होती. तोही ऐकून राहिला होता, आणि मी त्याची पाठ कधी पाहिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी प्रधानपाठकांना सांगितलं, सहावीचं गणितही मलाच द्या. ते म्हणाले, मॅडम, तास वाढतील. मी म्हटलं, वाढू द्या.

पहिल्या रविवारी मी समता कॉलनीत वर्गाबाहेर व्हरांड्यात बसली. दार उघडं होतं. ती सगळ्यात मागच्या बाकावर, ओठ घट्ट मिटून, भिंतीकडे अर्धवट वळलेली. सर मोठ्या पांढऱ्या पडद्यावर आकृती दाखवत होते, हातात लाल ठिपक्याचा दिवा. "आता हा कोन आणि हा कोन सारखे, म्हणून ही बाजू या बाजूएवढी. बरोबर?" पुढच्या सगळ्या माना हलल्या. मला ओळखीच्याच वाटल्या.

मागून आवाज आला. "सर, 'ये' मतलब कौन सी?"

मधे बोलायचं नाही, एवढीच तर अट होती. वर्ग मागे वळून पाहायला लागला. कोणीतरी खुदकन हसलं. सरांनी दिवा बंद केला. पुढचा एक गोरागोमटा पोरगा हळूच म्हणाला, "सर, मुझे भी नहीं समझा था."

सर जरा वेळ पडद्याकडे बघत राहिले, जणू आकृती त्यांनाही नवीनच होती. मग दिवा टेबलावर ठेवला, पडद्याकडे पाठ केली आणि पोरांकडे तोंड करून सावकाश सांगायला लागले. ए पासून निघालो, सरळ बी पर्यंत गेलो, तिथं डावीकडे वळलो. मागच्या बाकावरची मान जरा डावीकडे कलली. मी दाराबाहेर डोळे पुसत होती.

सांगून झाल्यावर ते तिला म्हणाले, पुढे ये, इथं जागा आहे, इथून पडदा चांगला दिसेल.

ती उभी राहिली. "नहीं सर, इधर ठीक है," ती म्हणाली. "आप बस बोलते रहो."